पाणी न द्यायचा गहू

गव्हाला पाणी देऊ नका, एवढंच मला सांगायचं होतं. ते मी पुस्तकी मराठीत सांगितलं, वऱ्हाडीत सांगितलं, हातवारे करून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी दर वेळी माना डोलावल्या. मान डोलावणं आणि ऐकणं यांचा आपल्याकडे काही संबंध नसतो, हे शिकायला मला पीएच.डी. करावी लागली.

कृषी विद्यापीठात माझं नाव नोंदवलं गेलं तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी विषय दिला : पाणी तुटलं आणि ऊन वाढलं की गव्हाच्या आत काय घडतं. आत म्हणजे अगदी आत, जनुकांच्या पातळीवर. प्रयोगाला अशी जागा हवी होती जिथे थंडी लवकर सरते आणि फेब्रुवारीतच ऊन चावायला लागतं. सरांनी नकाशा वगैरे काही पाहिला नाही. "तू यवतमाळची ना? मग तिकडेच बघ," म्हणाले. घरापासून लांब जाऊन शिकायचं म्हणून मी एवढी धडपड केली होती, आणि फिरून फिरून आले ती घरापासून अडीच-तीन तासांच्या बसच्या अंतरावर.

ती वर्षं कापसाची होती. म्हणजे कापसाच्या दुर्दशेची. जिल्ह्यात दुसरा विषयच नव्हता. चहाच्या टपरीवर कापूस, बसमध्ये कापूस, लग्नाच्या पंगतीत कापूस. मुंबई-दिल्लीहून माणसं गाड्या घेऊन यायची, कापसावर बोलायची, संध्याकाळी परत जायची. अशा वेळी मी गव्हावर काम करते म्हटलं की माणसं माझ्याकडे अशी बघायची, जसं घराला आग लागलेली असताना रांगोळी काढणाऱ्या बाईकडे बघावं.

त्यात 'जीन' या शब्दाने माझा जीव खाल्ला. आमच्याकडे जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना. दिग्रसला गावभर जिनं. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची पोरगी जीनवर काम करते," आणि शेजारणी काळजीने विचारायच्या, "कोणत्या जीनवर? मुलीच्या जातीला तिथं कापसाची धूळ सोसते का?" आमच्या घरात सगळे कचेरीत नोकऱ्या केलेले. एवढं शिकून मुलगी जिनिंगवर लागली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. मी सुरुवातीला समजावत असे. नंतर सोडून दिलं.

जमीन मिळाली ती दिग्रसच्या पुढे एका तांड्यावर. शेताचे मालक पन्नाशीचे, उंच, बोलायला सावकाश. त्यांना मी काकाजी म्हणे. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून हिंडणाऱ्या तांड्यासोबत आला आणि इथे राहिला, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला सुरुवात केली होती. मी मधेच विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं का, ते विचारलं. असतं, म्हणाले. पाणी असलेली विहीर, सपाट काळी जमीन आणि रस्ता जवळ. मला एवढंच हवं होतं. त्यांच्या कापसाच्या वावराला लागून त्यांनी मला एक तुकडा दिला आणि घराच्या बाजूची एक खोली राहायला दिली.

प्रयोग साधा होता. निरनिराळ्या जातींचा गहू दोन शेजारशेजारच्या पट्ट्यांत पेरायचा. एका पट्ट्याला वेळेवर पाणी द्यायचं. दुसऱ्याला गहू पोटरीत येईपर्यंत, म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या बेतात येईपर्यंत, द्यायचं आणि मग तोडायचं. दोन्हीकडची पानं एकाच दिवशी खुडून, खुडल्या क्षणी गोठवून प्रयोगशाळेत पाठवायची. झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. पण कोणतं कधी कामाला लागेल आणि कोणतं झोपून राहील, ते वेळेवर ठरतं. तहान लागली की काही जागी होतात, काही निजतात. कोणती, ते आम्हाला हवं होतं.

हे मी काकाजींना एक अख्खी दुपार समजावून सांगितलं. ते बिडी विझवून ऐकत होते.

"म्हंजे या पट्ट्याले पानी द्याचं नाई," ते म्हणाले.

"हो. बिलकुल नाही."

"वाळला तं?"

"वाळू द्यायचा."

"ठीक हाये," काकाजी म्हणाले. सगळ्यात आधी समजलं ते त्यांनाच. पण शेताचा कारभार ते बघत नव्हते, काकू बघत होत्या, हे मला कोणी सांगितलं नाही.

काकू ठेंगण्या, चपळ, कपाळावर गोंदलेलं. त्यांचं बोलणं घरात तांड्याच्या गोरबोलीत आणि माझ्याशी वऱ्हाडीत. माझ्याशी त्यांचा पहिला वाद झाला तो गवतावरून. निंदताना मी म्हणाले, गहू हेही एक गवतच आहे. ज्वारी, भात, ऊस, बांधावरची हरळी, सगळी एकाच कुळातली. म्हणून एकीत जे सापडतं ते पुष्कळदा दुसरीत शोधता येतं. काकूंनी खुरपं थांबवलं.

"मंग हे हरळी मी कायले उपटून राह्यली? असू दे नं तुह्या गव्हाची बहीन!"

"काकू, तसं नाही हो."

"तूच म्हनते नं एका कुळातली."

हसत होत्या की खरंच विचारत होत्या, मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्याशी बोलताना माझं शिक्षण एकेक पायरी खाली यायचं आणि तरी त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. मग मी चिडायचे. त्या भाकरी वाढायच्या.

जानेवारीच्या अखेरीस गहू पोटरीत आला आणि मी पाणी तोडलं. तिथपासून माझे हाल सुरू झाले. पट्टा रस्त्याच्या कडेला. येणारा-जाणारा थांबणार आणि विचारणार. "मोटर जळाली काय?" नाही. "लाईन नाई काय?" वीज आहे. "मंग बाजूच्याले पानी आन् याले काहून नाई?" मी सांगायचे, प्रयोग आहे. "कायचा प्रयोग? वाळवाचा? वाळवाले का लागते? आमचं आपोआप वाळते." हे वाक्य मला इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवलं, की ऐकवणाऱ्याचे ओठ हलायच्या आधी मी मनात म्हणून घ्यायचे. एकाने तर, पीक जाणूनबुजून तहानेलं ठेवणं हे पाप आहे, असं उभ्या उभ्या सांगितलं आणि माझ्याच घागरीतलं पाणी पिऊन गेला.

पानं दुपारी सुरळी होऊ लागली. छान चाललं होतं. आणि मी तापाने पडले.

कावीळ निघाली. बाबा येऊन मला यवतमाळला घेऊन गेले. नेमके त्याच आठवड्यात काकाजी कापसाची गाडी घेऊन दिग्रसला गेले. खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत लागलेली, माणसं गाडीखालीच झोपायची, तिथेच चुली मांडायची. नंबर लागेपर्यंत गाडी सोडून येता यायचं नाही. म्हणजे तांड्यावर राहिल्या काकू आणि माझा गहू.

अंगात त्राण नसताना मी परत आले, कारण पानं खुडायची वेळ गाठायची होती. पानं गोठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो आमच्या भागात मिळतो फक्त जनावरांच्या दवाखान्यात. वळूंच्या वीर्याच्या कांड्या त्यात ठेवतात. तिथल्या डॉक्टरांना मी महिनाभर आधी विनंती केली होती. तरी त्या दिवशी त्यांनी भांड्याचं झाकण काढून आत बघितलं, वाफ वर आली, आणि ते म्हणाले, "मॅडम, गाई माजावर यायच्या दिवसांत तुम्ही गव्हाची पानं घेऊन येता. मी काय गाईंना पुढच्या महिन्यात या म्हणू?" अर्धं भांडं मिळालं. ते घेऊन बसमध्ये चढले तर कंडक्टरने धुराचं भांडं बघून उतरवलं. स्फोट होईल म्हणे. शेवटी काळीपिवळी जीपमध्ये, एका कोंबड्यांच्या पाटीशेजारी, ते भांडं मांडीत धरून तांड्यावर पोचले. नायट्रोजन तर वाटेभर उडत असतो. दर मिनिटाला कमी होणारी वस्तू मांडीवर घेऊन खड्ड्यांच्या रस्त्याने जाण्यासारखी चिडचिड दुसरी नाही.

म्हणून मी घाई केली. वाळलेल्या पट्ट्यातली माती कोरडी ठक्क होती. मी हाताने उकरून पाहिली. पानं मला वाटलं होतं त्यापेक्षा ताजी दिसली, पण मधल्या दोन-तीन रात्री गार गेल्या होत्या. मी खुडली, गोठवली, पाठवली. काकूंनी त्या दिवशी मला मुद्दाम ऊस आणून दिला. काविळीवर चांगला, म्हणाल्या.

निकाल यायला पावसाळा उजाडला. सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर कागद पसरलेले.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

मी पाहिलं. पाणी दिलेला पट्टा आणि पाणी न दिलेला पट्टा यांच्यात काही फरकच नव्हता. तहान लागल्यावर जी जनुकं जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत जागी होतात, तीसुद्धा आमच्या गव्हात ढाराढूर झोपलेली.

"पाणी तोडलं होतं ना?"

"हो सर."

"नक्की?"

"नक्की."

"मग नमुन्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार तू."

इथून माझ्या आयुष्यातले सगळ्यात वैतागाचे महिने सुरू झाले. चिठ्ठ्या मी बदलल्या नव्हत्या. ते सिद्ध कसं करणार? गव्हाचा जीनोम हे प्रकरण मुळातच अवाढव्य, माणसाच्या पाचपट मोठा, आणि त्या काळी तो पूर्ण वाचलेलाही नव्हता. त्यामुळे शंकेला जागाच जागा. सर म्हणायचे, नायट्रोजन कमी पडला असेल, पानं खराब झाली असतील. मी उरलेल्या पानांची चाचणी पुन्हा केली. पानं उत्तम होती. मग म्हणायचे, यंत्राची चूक. यंत्र तपासलं. यंत्र बरोबर. मग एकदा त्यांनी चष्मा काढून, खोल आवाजात, मी घरच्या ओढीने शेतावर पुरेशी थांबत नाही, असं सुचवलं. मी कावीळ झाल्याचं सांगितलं. "ती सगळ्यांना होते," म्हणाले.

वसतिगृहात रात्री मी ते आकडे काढून बसायचे. वेडगळ विचार यायचे. असा काही गहू माझ्या हाती लागलाय का, ज्याला तहानच लागत नाही? सगळ्याच्या सगळ्या जाती एकदम? मैत्रीण म्हणाली, छाप मग, जगप्रसिद्ध होशील. मी तिच्यावर उगीच ओरडले.

पुढच्या हिवाळ्यात सरांनी शेवटची संधी दिली. तोच तांडा, तोच तुकडा. पेरणी झाली, थंडी पडली. एका सकाळी आम्ही तिघं अंगणात चहा पीत होतो. काकाजी कापसाच्या भावावर काहीतरी बोलत होते. काकूंनी मला विचारलं, गेल्या साली एवढी पानं नेली, त्यांचं काय झालं?

"वाया गेली," मी म्हणाले. "दोन्ही पट्टे सारखेच निघाले. पाणी तोडलं होतं असं वाटतच नाही त्यात."

"कसं वाटन?" काकू म्हणाल्या आणि फुंकर मारून बशीतला चहा प्यायल्या. "पानी देल्लं होतं नं."

मला आधी कळलंच नाही. "कोणी?"

"मीनं. तू तापानं पडलती. हे तिकडं गाडीपाशी. मी पाह्यलं, पोरीचं पीक वाळून राह्यलं, तिले उठता येऊन नाई राह्यलं, कोन पाह्यन? लाईन आली तशी मोटर लावली, पट्टाभर ओलित केलं. मंग वरून खुरपं फिरवलं, भेगा पडू नाई म्हनून."

कोरडी ठक्क माती. ती नुसती वरची, खुरप्याने मोकळी होऊन उन्हात वाळलेली. आत हातभर ओल होती.

काकाजींनी कप खाली ठेवला. "मले काहून नाई सांगतलं?"

"सांगाले काय हाये त्यात? पानी देल्लं. पानी देल्लं म्हनून कोनी गावात सांगत फिरते काय?"

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. खूप बोलले. एक वर्ष, सरांची बोलणी, चिठ्ठ्या, यंत्र, रात्री. आवाज चढला होता, शेजारच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. पाणी द्यायचं नाही, द्यायचं नाही, द्यायचं नाही, असं मी किती वेळा सांगितलं होतं, हे मी अंगणात उभी राहून ओरडत होते. काकू माझ्याकडे बघत बसल्या. त्यांना राग आला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून माझा राग आणखीच वाढला, कारण ती चक्क काळजी होती. पोरीला पुन्हा कावीळ होते की काय, अशी.

"छोरी, तू मले सांगतलं होतं, मी ना नाई म्हनत," त्या शेवटी म्हणाल्या. "पन तू सांगतलं तवा तू चांगली होती. बिमार मानसाचं सांगनं वेगळं असते."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आत एकटी बसल्यावर मला आणखी एक गोष्ट सुचली, आणि तिच्यामुळे मला हसू आलं, तेही वैतागानेच. म्हणजे सगळं बरोबर होतं. पानं, चिठ्ठ्या, यंत्र. गव्हाने, मला पाणी मिळालं आहे, असं सरळ सांगितलं होतं, आणि विद्यापीठातली शिकलेली माणसं सहा महिने त्याला खोटं पाडत बसली होती.

दोन दिवस काकू आणि मी कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी त्या गाठोडं बांधून अंगणात आल्या.

"मी ढाणकीले चालली, लेकीकडं. तुहा गहू कापेपर्यंत येत नाई."

"काकू, मी रागात बोलले. तुम्ही कशाला जाता?"

"तुह्या रागाले कोन भेते? तू पानी तोडशीन. ते पोटरीतलं पीक मले रोज दिसन. मी पानी देल्ल्याबिगर राह्यनार नाई, मले माहीत हाये. इथं राहून तुले वचन देऊ अन् मोडू, त्याच्यापेक्षा गेली बरी."

आणि गेल्या. काकाजी त्यांना फाट्यापर्यंत सोडून आले आणि चुलीपुढे उभे राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच बायको इतके दिवस घराबाहेर होती. त्यांना भाकरी थापता येत नव्हती, मला येत होती पण त्यांच्या चुलीवर नाही. आम्ही दोघांनी त्या महिन्यात जे खाल्लं त्याला स्वयंपाक म्हणता येणार नाही. वरण कच्चं राहायचं नाहीतर बुडाला लागायचं. काकाजी सावकाश खायचे आणि म्हणायचे, "विद्यापीठात हे नाई शिकवत वाटते." मी म्हणायचे, "तुमच्या आजोबांच्या तांड्यात पुरुष रांधत नव्हते का?" "रांधे नं. म्हनूनच तं तो इथं उतरला."

गहू मात्र मनासारखा वाळत होता. आणि मग एक दिवस मोटरसायकलवरून एक पत्रकार आला. मी विहिरीवर होते. तो रस्त्यावर थांबला, सुरळी झालेली, पिवळी पडत चाललेली पानं पाहिली, भेगाळलेली जमीन पाहिली आणि फोटो काढले. बाजूचा हिरवागार पट्टा त्याने फोटोत येऊ दिला नाही. मी धावत गेले. "अहो, हा मुद्दाम वाळवलेला आहे!" त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "ताई, शासनाच्या दबावाखाली बोलू नका," म्हणाला आणि गेला.

दोन दिवसांनी तो फोटो पेपरात. कापूस तर गेलाच, आता गहूही करपला, अशा अर्थाचा मथळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी एका पुढाऱ्याची गाडी आली. पाठोपाठ आणखी दोन. बूट घातलेली माणसं माझ्या पट्ट्यात शिरली. एकाने माझ्या खुणेच्या काड्या उपटून हातात घेतल्या आणि विचारलं, हे काय? पुढारी काकाजींच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघत होते.

"खचू नका," ते म्हणाले.

"मी कुठं खचलो?" काकाजी म्हणाले. "हा गहू या पोरीचा हाये. तिनं वाळवला. माह्या कापसाकडं चला, पाहाचं असन तं. तो आपोआप वाळला."

कॅमेरा बंद झाला. कापूस बघायला कोणी थांबलं नाही, उशीर झाला होता त्यांना. मी तुडवलेल्या ओळी बघत बसले. काकाजी उपटलेल्या काड्या गोळा करून घेऊन आले आणि कोणती कुठली, ते मला विचारून एकेक परत रोवायला लागले. काकाजींना एवढं चिडलेलं मी त्याआधी आणि नंतरही पाहिलं नाही. गोरबोलीत ते काय काय बोलत होते ते मला समजलं नाही, बरंच झालं.

मधल्या ओळी वाचल्या होत्या. त्या वर्षी नायट्रोजनही पुरेसा मिळाला. पानं खुडली, आतपर्यंत माती पाहिली, हातभर खाली. कोरडी. उन्हाळ्यात सरांनी बोलावलं तेव्हा कागदांवरचा फरक लांबूनही दिसत होता. तहानेची जनुकं जागी झाली होती. काही जातींत लवकर, काहींत उशिरा. दोन जाती अशा होत्या की पाणी तुटूनही त्यांचे दाणे फारसे बारीक पडले नव्हते, आणि त्यांच्यात काही जनुकं इतरांच्या आधीच कामाला लागलेली होती. सर खूश झाले. "बघ, मी सांगत होतो ना, पहिल्या वर्षी तुझीच काहीतरी गडबड होती," म्हणाले.

निबंध लिहिताना आमचं भांडण झालं. पहिल्या वर्षाचे निकाल सरांना टाकूनच द्यायचे होते. मी म्हटलं, ठेवू या. पाणी मिळालं हे आता माहीत आहे, आणि झाडाने ते बरोबर दाखवलं, म्हणजे पद्धत खरी असल्याचा तो पुरावाच आहे. आठवडाभर हो-नाही चाललं. शेवटी एक ओळ ठेवायला ते तयार झाले. पहिल्या हंगामात कोरड्या पट्ट्याला अनवधानाने ओलित झाले, अशी.

छापून आल्यावर मी तांड्यावर गेले. प्रकल्प तोवर दुसऱ्या ठिकाणी हलवला होता, माझं उरलंसुरलं सामान आणायचं होतं. काकाजी नव्हते. काकूंनी मला बसवलं. मी त्यांना मासिकातली पानं दाखवली. इंग्रजी अक्षरांवर त्यांनी हात फिरवला.

"बियानं भेटन काय याचं? त्या दोन जातीचं?"

"नाही काकू. हे फक्त आत काय होतं ते कळलं. बियाणं व्हायला अजून कितीतरी वर्षं. कदाचित होणारही नाही."

"मंग एवढं कायले केलं?"

मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. अजून कोणीतरी हे पुढे नेईल, ज्वारीत शोधेल, वगैरे. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "माह्यं लिवलं काय त्यात? पानी देल्ल्याचं?"

मी ती ओळ शोधून मराठीत सांगितली. चुकून पाणी दिलं गेलं, असं लिहिलंय म्हटलं.

"चुकून?" काकू म्हणाल्या. "चुकून कसं? मी उठून मोटर लावली, पाटाचे बारे फोडले, फावडं घेऊन पट्टाभर फिरली. चुकून काय फिरते मानूस?"

"लिहायची पद्धत असते तशी."

"मंग बदलव."

"छापलेलं बदलत नाही काकू."

त्यांनी पानं माझ्या हातात परत दिली. छापलेलं बदलत नाही तर छापायच्या आधी विचारावं, असं काहीसं पुटपुटत त्या चुलीकडे गेल्या. मी मागोमाग गेले आणि अनवधान या शब्दाचा अर्थ त्यांना समजावून सांगायला लागले. त्या पाठमोऱ्या पीठ मळत होत्या, आणि मधूनमधून मान डोलावत होत्या.